ओंडका न बांधलेली जीप

जीपच्या ब्रेकचं तेल घरी करता येतं, हे मला एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून कळलं. एरंडेल आणि शुद्ध अल्कोहोल, बस. रसायनशास्त्र घेऊन पदवी मिळवलेल्या माणसाला त्यात अवघड काही नव्हतं. अवघड पुढे आलं. त्या तेलापायी एका माणसाचा डावा हात गेला, नोकरी गेली, आणि माझी नोकरी राहिली. ही हकीकत मी घरीसुद्धा कधी पुरी सांगितलेली नाही.

पदवीचा मला अभिमान होता. अजून आहे, लपवत नाही. तापीकाठच्या आमच्या गुजर वस्तीत कापूस, केळी, ऊस यातलं सगळं कळणारी माणसं होती, पण बी.एस्सी. झालेला मी पहिला. वडिलांनी प्रमाणपत्र काचेत बसवून देव्हाऱ्याशेजारी लावलं आणि त्या दिवशी बैलांना सुट्टी दिली. सरकारी नोकरी लागली तेव्हा ते एकच बोलले, "डाग लागू देऊ नको." आमच्या घरात दारूचं नावसुद्धा कुणी घेत नसे. शिवाय दारूबंदीचा कायदा होता. डाग म्हणजे काय, ते मला वेगळं सांगायची गरज नव्हती.

महाराष्ट्र राज्य नवंनवं होतं. नंदुरबार जिल्हा तेव्हा झालेला नव्हता, जे काय ते धुळ्याला. माझी नेमणूक अक्कलकुव्याला झाली. डोंगरातल्या गावांना सुधारलेलं बियाणं, खतं यांची माहिती द्यायची, असं काम. त्यासाठी कचेरीला एक जीप होती. लढाईत वापरलेली, स्टिअरिंग डाव्या बाजूला, टपाचं कापड फाटकं. हँडब्रेक नुसता नावाला. तो ओढला काय, सोडला काय, गाडीला पत्ता लागत नसे.

तिचा ड्रायव्हर मोलगीकडच्या एका पाड्यावरचा. जंगलाच्या ठेकेदाराकडे लाकडाच्या गाड्यांमागे चालत चालत तो ट्रकवर क्लीनर झाला आणि पुढे ड्रायव्हर. त्याच्या पाड्यात मोटार चालवणारा तो पहिलाच. लायसन तो मेणकापडात गुंडाळून फेट्याच्या घडीत ठेवी, आणि कुणी मागितलं नाही तरी काढून दाखवी. त्याला वाचता येत नव्हतं. घरी त्याची बोली वेगळी. माझ्याशी तो बाजारातल्या अहिराणीत बोले, मीही तसंच. तो माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा. रस्त्यावर दोघंच असलो की मी त्याला भाऊ म्हणायचो. कचेरीत मात्र 'ड्रायव्हर'. आणि मी चिडलो की शाळेच्या मराठीत बोलायचो. ही माझी खोड त्याने माझ्या आधी ओळखली होती.

तो हंगामी होता. दर काही महिन्यांनी त्याची नोकरी संपे आणि पुन्हा सुरू होई. त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला मोठ्या साहेबांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "धुळ्याहून तपासणी येते आहे. त्या दिवशी सकाळी जीप कचेरीसमोर चालू हालतीत उभी असली, तर गाडी राहील आणि ड्रायव्हरला कायम करायची शिफारस मी स्वतः करीन. नसली तर गाडी लिलावात. गाडीच नाही तर ड्रायव्हर कशाला हवा?"

बाहेर आल्यावर त्याने जीपच्या बॉनेटवर हात ठेवला. म्हणाला, "आयकं ना बाई? आते रुसू नको."

ती रुसायचीच. त्या एका महिन्यात आम्ही तिला काय काय केलं! रेडिएटर गळायला लागला तर त्याने त्यात मूठभर हळद टाकली, आणि गळती थांबली. हळद छिद्रात जाऊन फुगते म्हणून थांबते, असं मी त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हां, पन तुम्हनी समजाडाना आधीच थांबनी." पेट्रोलच्या टाकीला चीर पडली तर कपडे धुण्याचा साबण दाबून बसवला. चढावर इंजिन तापलं की पेट्रोल नळीतच उकळायचं आणि गाडी मध्येच बंद पडायची. तेव्हा पंपाला ओलं फडकं गुंडाळायचं आणि सावलीत बसून राहायचं. कार्बोरेटरच्या भोकात कचरा अडकला तर केरसुणीची काडी. ठिणगीच्या पॉइंटमधली फट मोजायला काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा तुकडा.

मी माझ्या परीने पुस्तक घेऊन बसायचो. शहाद्याच्या एका दुकानदाराकडे ते रद्दीत सापडलं होतं, जीपच्या दुरुस्तीचं. मी वाचून सांगायचो, तो कानाने ऐकायचा आणि हाताने वेगळंच करायचा.

"साहेब, तुम्हनी चोपडीमा पाना कसा धरना ते लिखेल शे का?"

"पान्याचं नाही लिहिलेलं."

"मंग अर्धीच चोपडी शे."

मला राग यायचा आणि हसूही. पण खरं सांगायचं तर, त्या महिन्यात मला पहिल्यांदा वाटलं की मी शिकलो त्याचा कुणाला तरी उपयोग होतो आहे. तोही कधीकधी बाजारात दुसऱ्या ड्रायव्हरांना माझ्याकडे बोट दाखवून सांगे, "मन्हा साहेब गाडीना डॉक्टर शे." ते ऐकलं की मी दिवसभर खूश.

तपासणीच्या आदल्या दिवशी मोलगीचा बाजार होता. बियाण्याच्या पिशव्या घेऊन आम्ही सकाळी लवकर वर गेलो. वाटप झालं. निघायच्या वेळी तो गाडीखाली वाकला आणि वाकलेलाच राहिला. मागच्या उजव्या चाकाच्या आतल्या बाजूने तेल ओघळत होतं. चाक काढलं. ब्रेकच्या सिलिंडरमधली रबरी वाटी फाटली होती. वरच्या भांड्यात तेल शिल्लक नव्हतं. पेडल दाबलं की पाय सरळ फळीला लागत होता.

त्या चाकाकडे जाणारी नळी त्याने दगडावर ठेवून ठोकली, वळवून बंद केली. तीन चाकांवर काम भागवता आलं असतं, पण भांड्यात भरायला तेल हवं. ते मोलगीत कुठून मिळणार?

तो म्हणाला, "इंजिनना तेल भरू."

"ते नको. त्यानं रबर फुगतं. उद्या तिन्ही चाकं धरून बसतील." हे मी बरोबर सांगितलं होतं. एवढंच बरोबर सांगितलं होतं.

मग तो घाटाच्या दिशेने बघत म्हणाला, "तं मंग ब्रेक सोडी द्या. लाकडाना गाडा उतरस तसं उतरू. मांगे ओंडका बांधू, पहिला गिअर टाकू. धीरे धीरे सांजलोंग पोचू."

डोंगरातले लोक गाडा असाच उतरवतात. उताराच्या माथ्यावर मागच्या आसाला दोराने जाड ओंडका बांधायचा. तो जमिनीला घासत मागे ओढतो आणि गाडा बैलांच्या अंगावर जात नाही. घाट उतरला की ओंडका सोडून रस्त्याकडेला टाकायचा, वर जाणारा रिकामा गाडा तो पुन्हा वर आणतो. मी शेकडो वेळा पाहिलं होतं. आणि बाजार भरला होता, ओंडका बांधायला दहा हात पुढे आले असते.

मी त्याला उत्तर दिलं ते शाळेच्या मराठीत. "ही सरकारी जीप आहे, लाकडाचा गाडा नव्हे. पदवीधर अधिकारी ओंडका ओढत अक्कलकुव्यात शिरला, हे मला ऐकून घ्यायचं नाही."

"घाटले काय माहीत, सरकारी शे का कोनी शे?"

मी ऐकलं नाही. माझ्या डोक्यात पुस्तक होतं. एरंडेल बाजारात होतंच, दिव्याला आणि पोटाला दोन्हीकडे लागतं. अल्कोहोल? मोहाचे दिवस होते. एका पाड्यावर पहिल्या धारेची मिळाली. आणायला मी त्यालाच पाठवलं. मी स्वतः त्या अंगणात पाय ठेवला नाही, एवढी माझी अब्रू मी जपली. तो बाटली घेऊन आला आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "साहेब, तुम्हना घरमा सांगू का?" दोघंही हसलो. त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं.

थोडी दारू दगडावर ओतून मी काडी लावली. निळी ज्योत निघाली. मी त्याला दाखवलं, "बघ, शुद्ध आहे." वास्तविक निम्मं पाणी असलं तरी ती जळते. हे मला माहीत असायला हवं होतं, परीक्षेत विचारलं असतं तर लिहिलंही असतं. मग बाटलीत एरंडेल घालून हलवलं. शुद्ध अल्कोहोलमध्ये एरंडेल काचेसारखं विरघळतं. माझ्या बाटलीत ते दुधाळ झालं आणि खाली जाऊन बसायला लागलं. म्हणजे पाणी होतं, भरपूर होतं. बाटली मला स्वच्छ सांगत होती. मी ती आणखी जोरात हलवली.

भरलं, हवा काढली, पेडल टणक झालं. बाजाराच्या मैदानात दोन फेऱ्या मारल्या, गाडी जागच्या जागी उभी राहत होती. बघायला जमलेल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला त्या अजून ऐकू येतात. मी त्याच्याकडे पाहिलं. तो ओंडक्यांच्या ढिगाकडे बघत होता. एक दोर त्याने हातात घेतलासुद्धा. मी म्हटलं, "ड्रायव्हर, बस." कचेरीतलं कुणी जवळ नव्हतं तरी मी त्याला 'ड्रायव्हर' म्हटलं. त्याने दोर टाकला.

नेहमीप्रमाणे खाली जाणारी बाया-माणसं जीपमागे धावली. त्याने हात वर करून सगळ्यांना परतवलं. "आज कोनी बसू नका. आज गाडी आजारी शे." तो काय मनात धरून होता, ते मला तिथेच समजायला हवं होतं.

घाटाची पहिली वळणं छान गेली. मी त्याला म्हटलंही, "काय? पुस्तकात काय लिहिलं होतं?" पहिला गिअर टाकून तो रांगत होता. मी घड्याळ पाहिलं आणि म्हटलं, दुसरा टाक, कचेरी बंद व्हायच्या आत गाडी धुऊन उभी करायची आहे. त्याने दुसरा टाकला.

उताराच्या मध्यावर चाकांचा करपट वास यायला लागला. ड्रम तापले होते. पुढचं सगळं काही क्षणांत झालं, पण आज मला त्याचा एकेक तुकडा सांगता येतो. नळ्यांतली दारू पाण्यासकट उकळली, तिची वाफ झाली. वाफ दाबली जाते, तेल दाबलं जात नाही. त्याचा पाय एकदम आत गेला. त्याने दोनदा, तीनदा पेडल मारलं. "साहेब, ब्रेक गया." आवाज न चढवता, नुसतं सांगितल्यासारखं. पहिल्या गिअरमध्ये घालायला गेला तर दात नुसते खरखरले, गिअर पडेना. माझ्या बाजूला, उजवीकडे, दरी. त्याच्या बाजूला डोंगराचा कडा. त्याने स्टिअरिंग आपल्या बाजूला फिरवलं.

जीप कड्याला घासत, दगडांवरून उडत उभी राहिली. मला खरचटलं. त्याचं डावं कोपर कडा आणि गाडीचा लोखंडी काठ यांच्यामध्ये सापडलं होतं. वरून एक गाडा ओंडका ओढत येत होता. त्याच गाड्यावरून आम्ही अक्कलकुव्यात शिरलो. लोकांनी पाहिलं. जे मला ऐकून घ्यायचं नव्हतं, ते मी वेगळ्या रीतीने ऐकलं.

सकाळी तपासणी झाली. कचेरीसमोर जीप नव्हती.

तिसऱ्या दिवशी मोठ्या साहेबांनी मला अहवाल लिहायला सांगितला. म्हणाले, "नीट लिहा. गाडी जुनी होती हे सगळ्यांना ठाऊक आहे. ड्रायव्हरची चूक नसेल तर त्याला कुठे तरी सामावून घेता येईल, शिपाई म्हणून, पहारेकरी म्हणून. चूक असेल तर मात्र माझ्या हातात काही नाही." म्हणजे रस्ता उघडा होता. दोन-चार ओळींचं काम होतं.

मी दवाखान्याच्या ओट्यावर त्याला भेटलो. हात लाकडाच्या पट्ट्यांत बांधलेला. तो म्हणाला, "साहेब, तुम्हले लिखता येस. जे व्हयनं ते लिखा. मन्ही नोकरी आते तुम्हना कागदवर शे."

मी लिहिलं. जीपच्या मागील चाकातील ब्रेकचे रबर फाटले. मोलगी येथे तात्पुरती दुरुस्ती करण्यात आली. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये होती. ब्रेक निकामी झाल्यावर चालकास पहिला गिअर घालता आला नाही. त्या कागदावर एक शब्द खोटा नव्हता. फक्त बाटली नव्हती. ओंडका नव्हता. दुसरा गिअर कुणी टाकायला लावला, ते नव्हतं. दारू लिहिली असती तर नोकरी गेली असती, कदाचित खटला झाला असता आणि काचेतल्या प्रमाणपत्राखाली वडिलांना बसवलं नसतं. असं मी स्वतःला सांगत होतो. त्यातलं बरंचसं खरंही होतं.

त्याचा अंगठा हवा होता. मी कागद घेऊन पुन्हा त्या ओट्यावर गेलो. तो म्हणाला, "वाची दखाडा."

अहवाल कचेरीच्या मराठीत, त्याला वाचून दाखवायचा अहिराणीत. मी वाचायला लागलो आणि कागदावर नव्हतं ते सगळं तोंडाने सांगितलं. दारू मी मागवली. ओंडका बांधू असं ड्रायव्हर म्हणाला होता, मी नको म्हटलं. दुसरा गिअर माझ्या सांगण्यावरून. ड्रायव्हरने मला वाचवलं. एवढं खरं मी आयुष्यात क्वचित बोललो असेन. तो मान हलवत ऐकत होता. मग त्याने उजव्या हाताचा अंगठा शाईत बुडवला आणि मी बोट ठेवलं तिथे उमटवला.

चालकाचा निष्काळजीपणा, असा निकाल झाला. जीप लिलावात गेली. त्याचं कोपर वाकडं सांधलं, हात सरळ होईना. त्या हाताने स्टिअरिंग धरणं शक्य नव्हतं आणि पहारेकऱ्याची जागाही दिली गेली नाही. तो पाड्यावर निघून गेला. मला न भेटता गेला. मी बदली मागून घेतली. म्हसावदच्या बाजूला काही वर्षं काढली, बढती मिळाली. कुणी माझ्यासमोर गाडीच्या दुरुस्तीची गोष्ट काढली की मी उठून जायचो.

साठचं दशक संपता संपता मला कामासाठी पुन्हा मोलगीला जावं लागलं. नवी जीप, उजव्या बाजूचं स्टिअरिंग, नवा ड्रायव्हर. परतताना घाटाच्या माथ्यावर गाडे थांबले होते. त्यांच्यामध्ये तो. केस पांढरे झाले होते, फेटा तसाच. गाड्यांना ओंडके बांधून देत होता. दोराचं एक टोक दातात धरायचं, दुसरं उजव्या हाताने ओढायचं, डावा हात नुसता टेकू. लोक त्याला धान्य, भाजी, जे असेल ते देत होते.

मी उतरलो. त्याने ओळखलं. "साहेब, जाडा व्हई गयात."

मी नव्या ड्रायव्हरला पुढच्या वळणावर थांबायला सांगितलं. मग, कसं ते आठवत नाही, पण मी बोलून टाकलं. की त्या दिवशी मी जे वाचलं ते कागदावर नव्हतं.

त्याने गाठ पुरी केली. म्हणाला, "माले तवयच माहीत व्हतं."

"कसं?"

"तुम्ही बोली ऱ्हायनात व्हतात. पन तुम्हनी नजर कागदवर नव्हती. मन्हा हातवर व्हती."

"मग अंगठा का दिला?"

"नही देता तं काय व्हतं? मोठा साहेब मन्हं आयकता, का तुम्हनं?" तो रागाने बोलला नाही. पण त्याने मला बसा म्हटलं नाही आणि मीही बसलो नाही.

मी खिशात हात घातला. त्याने मान हलवली. "ते नको. पेन शे का? तं आते लिखा."

"आता त्याचा उपयोग नाही. ती फाईलसुद्धा राहिली नसेल."

"लिखा."

गाडीवाल्यांच्या देखत, एका गाड्याच्या फळीवर कागद ठेवून मी लिहिलं. कचेरीच्या मराठीत नाही, त्याच्याशी बोलायचो त्या बोलीत. दारू, एरंडेल, दुधाळ बाटली, ओंडका, दुसरा गिअर, कडा. खाली माझं पुरं नाव, पदवीसकट, आणि सही. त्याच्याकडे कागद द्यायला गेलो तर त्याने घेतला नाही.

"वाचा," तो म्हणाला. "बोट ठेईसन वाचा."

मी पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं. तो शेजारी येऊन वाकला. गाडीवाले बैल धरून उभे राहिले. मी एकेक शब्द बोटाने दाखवत वाचत गेलो आणि त्याची नजर माझ्या तोंडावर नव्हती, बोटावर होती. एका ठिकाणी मी थोडा भरभर पुढे गेलो. त्याने माझं मनगट धरलं आणि बोट मागे आणून ठेवलं.